एका बहिणीत एकच बायको

हे ऐकून कोणी विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नये. ज्यानं ठेवला त्याला उन्हाचा झटका बसला असं समजून त्याच्या डोक्यावर कांदा फोडावा. पिंटू हमाल तर आत्ताच हसतोय, खांद्यावरचं क्रेट खाली न ठेवता. हस बाप्पा. संत्री निवडणाऱ्या बायांनो, तुमचे हात चालू राहू द्या, नाहीतर मालक बोंबलेल. गोष्ट एवढीच की भर लग्नात नवरदेवाचा कान मुळासकट हातात आला आणि त्याच्यापायी दीडशे माणसं फुटली. फुटली म्हणजे पांगली नाहीत. डोकी फुटली.

गाव चांदूर बाजारच्या अंगाचं. नाव सांगत नाही. तिथल्या लोकांचे हात लवकर उठतात, आणि म्हातारं हाड एकदा मोडलं की सांधत नाही.

तर त्या गावात बिनलग्नाची पोरं अठ्ठेचाळीस. त्यातली काही चाळिशीला टेकलेली, दोघांना तर चाळशीसुद्धा लागलेली, पण तिथं त्यांना पोरंच म्हणायचे. हे अठ्ठेचाळीस जण रोज सकाळी मारुतीच्या पारावर ओळीनं बसत. बसून बसून पाराचा दगड असा झिजला की त्यात पावसाळ्यात बेडकं अंडी घालायची. कोणाकडे दुसऱ्या गावची लग्नपत्रिका आली की ती हातोहात फिरे आणि हळदीचं बोट लागलेला कोपरा चाटून चाटून पांढरा होई. पोरीचे बाप यायचे, नाही असं नाही. ओट्यावर टेकायच्या आधीच विचारायचे, "नोकरी कुठं? पुण्याले काय?" शेती म्हटलं की पोहे तसेच ठेवून उठायचे. त्या गावातल्या कोंबड्या नुसत्या पोह्यांवर माजल्या.

आणि लग्नाजोगी पोरगी साऱ्या गावात एक. उत्तमरावची वर्षाली.

उत्तमरावची तीन एकर. वांगी, पालक, कोहळं, बांधाच्या कडेनं झेंडू. घरात पार्बताबाई आणि दोन पोरं, चंदन आणि कुंदन. दोन पोरं झाल्यावर तिसऱ्या वेळी उत्तमरावनं पडदे लावलेली भाड्याची गाडी आणली आणि बायकोला कुठंतरी दूर नेलं. मशीननं पोरगी सांगितली. पार्बताबाई रिकामी होऊन परत आली. चौथ्या वेळीही तसंच. "तीन एकरात हुंडा कुठून उगवू? वांग्याच्या झाडाले लागतो काय?" असं तो चारचौघांत म्हणे, आणि चारचौघं माना डोलावत. त्यातल्या प्रत्येकानं कधी ना कधी तीच गाडी सांगितलेली. पाचव्या वेळी मशीननं पोरगा सांगितला, पेढेही वाटून झाले, आणि निघाली वर्षाली. उत्तमराव दुसऱ्या दिवशी पैसे परत मागायला गेला होता. तिथून धक्के मारून हाकलला तेव्हा कुठं त्यानं पोरीचं तोंड पाहिलं.

ही वर्षाली एकवीस वर्षांची झाली ती पळायलाच लागली. म्हणजे पोलीस भरतीसाठी. भल्या पहाटे कालव्याच्या रस्त्यानं ती अशी सुटायची की मागचा धुरळा दुपारी खाली बसायचा. गोळाफेकीला गोळा नव्हता, म्हणून वाडीतला कोहळा फेकायची. पहिल्याच आठवड्यात तिचा एक कोहळा पलीकडच्या गावात जाऊन पडला आणि तिथल्या सरपंचानं त्याचा पंचनामा केला. पारावरचे अठ्ठेचाळीस तिच्याकडे बघत, पण जवळ कोणी जात नसे. कोहळा कोणाच्या टाळक्यात बसेल याचा नेम नव्हता.

पंधरा तारखेला अमरावतीला तिची मैदानी चाचणी होती. बोलावण्याचा कागद तिनं पिठाच्या डब्यात लपवला होता. त्या कागदावर तिचा सगळा जीव. एकदा अंगावर वर्दी चढली की बापाचा हात उठायच्या आधी दहादा विचार करील, एवढा तिचा साधा हिशेब.

अन् नेमका तेव्हाच बुधाजी आला. बुधाजी सोयरिकी जुळवायचा. त्यानं अकोटकडच्या सूर्यभानचं स्थळ आणलं. आठ एकर कपाशी, पोरगा कुलदीप छत्तीस वर्षांचा, पोरगी प्रणाली बावीसची.

"देनं नाई, घेनं नाई," बुधाजी म्हणाला. "तुमची पोरगी त्यायच्या पोराले, त्यायची पोरगी तुमच्या चंदनले. एकाच मांडवात. साटंलोटं."

"जात?" उत्तमरावनं विचारलं.

"त्यायनं तुमची नाई इचारली. तुमी कायले इचारता?"

लग्नाची तारीख निघाली चौदा.

वर्षाली चुलीपुढून उठली. "बाबा, पंधराले माही मैदानी हाय. मी लग्न करत नाई."

उत्तमरावनं पुढचं ऐकलंच नाही. हातात ठिबकची नळी होती, तिनंच त्यानं सुरुवात केली. नळी तुटली तेव्हा झाडणीचा दांडा घेतला. दांडा तुटला तेव्हा तो दमला. असं सांगतात की त्या माराचा आवाज शिरजगावच्या बाजारात ऐकू गेला आणि लोकांना वाटलं कोणीतरी कापूस पिंजतंय. वर्षाली रडली नाही. खालचा ओठ चावून धरला होता, तो मात्र दोन ठिकाणी फुटला.

"तुह्या भावाचं वय चवतीस झालं," उत्तमराव धापा टाकत म्हणाला. "थो काय पारावर मरन काय?"

"अन् माहं काय?" हा कुंदन. दारात उभा. बत्तीस वर्षांचा, दादापेक्षा टीचभर उंच. "बहीन एकट्या दादाची हाय काय? माहीबी हाय. मंग तिच्या बदल्यात येनारी बायको दादालेच काऊन?"

"थो मोठा हाय."

"मोठा हाय म्हून त्याले आधी शाळा, आधी मोबाइल, आधी मोटारसायकल. आता बायकोबी आधी? अन् मले बदल्यात द्याले काय उरते, ही म्हस?"

खरंच तर होतं. एका बहिणीत एकच बायको येते, दोन येत नाहीत. कितीही ताणा.

दोघं भाऊ झेंडूच्या वाफ्यात भिडले. चंदननं फावडं उचललं, कुंदननं पाठीवरचा फवारणीचा पंप काढून गरगर फिरवला. पहिल्याच फटक्यात चंदनचा दात उडाला तो शेजारच्या शकुनबाईच्या वरणात पडला. तिनं लसूण समजून चावला आणि तिचाही एक पडला. कुंदनच्या जबड्यावर फावड्याचा दांडा बसला तेव्हा खालचा जबडा वरच्याला शोधत फिरला. वाफाभर पिवळी फुलं लाल झाली, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात उत्तमरावनं ती नवी जात म्हणून चढ्या भावानं विकली. वर्षाली सोडवायला मध्ये घुसली तर फावड्याचं पातं तिच्याच डाव्या खांद्यावर आलं. गोळा फेकायचा हात उजवा, एवढंच नशीब.

तेव्हा पार्बताबाई ओट्यावरून बोलली. इतक्या वर्षांत ती मोठ्यानं बोललेली कोणी ऐकली नव्हती.

"दोघी होत्या न घरात. दोघायले दोन सुना आल्या असत्या, अन् ही आपली भरतीले पयाली असती. कोनं खुडल्या थ्या दोघी? सांगा न पोरायले, बाप म्हून."

उत्तमरावनं तांब्या फेकून मारला. तिच्या कपाळाला लागून तो घरंगळत वाफ्यात गेला. भाऊ थांबले, कारण आईच्या कपाळाचं रक्त दोघांच्याही रक्तापेक्षा जास्त वाहत होतं.

मग बुधाजीनं तोड काढली. शहाण्या माणसाचा मूर्खपणा कसा असतो तो बघा. लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, आणि नवरदेव त्याला हवं ते कापड देतो, अंगठी देतो. आता चंदन स्वतःच नवरदेव. तो आपला पाट सोडून बहिणीच्या नवऱ्याचा कान कसा पिळणार? तेव्हा कानपिळीचा मान कुंदनचा. "जे मांगशीन थे भेटन," बुधाजी म्हणाला. कुंदन हसला आणि एकदम कबूल झाला. ज्याला लुबाडलं त्याच्याच हातात नवरदेवाचा कान द्यायचा, ही अक्कल साऱ्या वऱ्हाडात त्या एका मांडवालाच सुचली.

लग्न ना यांच्या गावी, ना त्यांच्या. पोरगी आधी कोणी पाठवायची? आधी पाठवली आणि त्यांनी ठेवून घेऊन आपली दिलीच नाही तर? म्हणून तिसरंच ठिकाण ठरलं कौंडण्यपूर, वर्धेच्या काठी. दोन जीपा समोरासमोर उभ्या केल्या, बुधाजीनं तीनपर्यंत आकडे मोजले आणि दोन्ही दारं एकदम उघडली. रुक्मिणीचं माहेर ते. तिनं तिथून पळून जाऊन लग्न केलं. इथं दोघींना लग्न टाकून पळायचं होतं, एवढाच फरक.

दोघींना एकाच कापडी खोलीत नटवायला बसवलं. करवल्या म्हणून पाच बायका, बाकी मांडवभर सगळे गडी. बायका बांगड्या आणायला बाहेर गेल्या तेव्हा प्रणाली हळूच म्हणाली, "तुह्या शालूखाली बूट हायेत."

वर्षालीनं पाय आत ओढले.

"मी नाई सांगत कोनाले. मलेबी ने."

"तुले पयता येते काय?"

"नाई. तीन दिस कोंडून ठेवलं होतं मले. कुलदीपनं पायावर नांगराचं रुमनं हानलं. पन मी पयीन." प्रणालीनं पायावरची साडी वर केली. पोटऱ्या जांभळ्यागार, वांग्यासारख्या.

वर्षालीला बापाची नळी आठवली. ती म्हणाली, "अमरावतीची गाडी देवळाच्या पुढं थांबते. मी उठली का तू उठ. मांगं पाहू नको."

आता मांडव. दोन पाट, दोन अंतरपाट, भटजी एक. दोन्ही नवरदेवांच्या हातात कट्यार, टोकाला लिंबू. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, होम पेटला. लाह्या टाकायची वेळ आली. कुंदन वर्षालीच्या मागं उभा राहिला, तिच्या ओंजळीत लाह्या घातल्या, आणि भटजी म्हणाले, "सप्तपदीच्या आधी कानपिळी होऊन जाऊ द्या."

कुंदननं कुलदीपचा उजवा कान धरला.

"मांग बाबू काय मांगतं थे," सूर्यभान कौतुकानं म्हणाला. "कापड, घड्याय."

"पोरगी," कुंदन म्हणाला.

"कोनची पोरगी?"

"तुमची. प्रणाली. दादाच्या पाटावरून उठवा अन् माह्या पाटावर बसवा. नाई तं कान सोडत नाई."

लोक हसले. कुंदननं पीळ दिला. कुलदीपचा कान लांबत लांबत खांद्यावर आला, तरी तो बिचारा मान वाकवून हसतच होता, कारण रीत होती. आणखी एक पीळ. मग घायपाताचा ओला वाख फाटावा तसा आवाज झाला आणि कान कुंदनच्या मुठीत आला.

कुलदीप किंचाळला नाही. त्यानं कट्यार चालवली, लिंबासकट. कुंदनच्या पोटात आधी लिंबू शिरलं, मग पातं. पुढं दवाखान्यात डॉक्टरनं पहिल्यांदा लिंबू काढलं आणि नर्सला म्हणाला, हे बाजूला ठेवा, पोलिसांना दाखवू.

बापरे, मग जे झालं! चंदन भावाला मारलं म्हणून उठला की आपली बायको जाते म्हणून, हे देवालाच माहीत. त्यानं पेटत्या होमातलं लाकूड काढून कुलदीपच्या तोंडावर हाणलं. सूर्यभाननं समई उपटून उत्तमरावच्या टाळूत घातली, तेल आणि रक्त एकाच वाटेनं उतरलं. बँडवाल्याचं पिपाणं एकाच्या गळ्यात इतकं खोल गेलं की तो ओरडायचा तेव्हा वरातीचं गाणं वाजायचं. आचाऱ्यानं उकळत्या वरणाचं पातेलं उलटं केलं. सात जणांची कातडी पायमोज्यासारखी निघाली. मांडवाचे खांब उपटले, मांडव खाली बसला, आणि कापडाखाली कोण कोणाला मारतंय हे मारणाऱ्यालाही कळेना. साऱ्या बाजूंनी एकच आरोळी होती, "पोरगी धरा! पोरगी धरा!" दोन्हीकडची माणसं तेच ओरडत होती.

वर्षाली होमाच्या धुरातून उठली. तिनं प्रणालीचा हात धरला. समोर चंदन आला, एक दात नसलेल्या तोंडानं ओरडत, "वर्षे, बस खाली! तू गेली तं माही जाते!" त्यानं प्रणालीच्या पदराची गाठ धरली. वर्षालीनं कलशावरचा नारळ उचलला, एक पाय मागं, मान वाकडी, आणि सोडला. नारळ सख्ख्या भावाच्या कपाळावर फुटला. पाणी उडालं, चंदन उताणा झाला.

दोघी पळाल्या. मागं कुलदीप, एका बाजूनं रक्ताची धार, हातात कट्यार. त्याच्या मागं सूर्यभान, त्याच्या मागं पन्नास गडी. देवळाच्या पुढं अमरावतीची गाडी सुटत होती. वर्षालीनं उडी मारली, पायरी धरली, प्रणालीचा हात ओढला.

अन् पिंटू, आता ऐक. त्या गाडीचा ड्रायव्हरसुद्धा बिनलग्नाचा होता! आरशात दोन नवऱ्या पाहिल्याबरोबर त्यानं अशी गाडी दाबली की मधले चार थांबे रस्त्यावरून उडून शेतात पडले. दुसऱ्या दिवशी दोघी अमरावतीच्या मैदानावर. शिट्टी वाजली. आठशे मीटर. प्रणालीचे पाय तर सुजलेले. तिला एकटीला काठावर सोडून पळावं हे वर्षालीच्या जिवाला होईना. तिनं प्रणालीला पाठीवर घेतलं, शालूच्या पदरानं बांधलं आणि पळाली. दोघी मिळून पहिल्या आल्या! साहेबांनी घड्याळ पाहिलं, फेकून दिलं, म्हणाले, हे बिघडलं. दोघींनाही भरती करून घेतलं, एका कागदावर. आज अमरावतीत एका खोलीत राहतात, आणि त्यांच्या नाक्यावरून कोणी नवरदेव गेला की आधी त्याची कट्यार जमा करतात.

"खोटं हाय हे, बुढेबाबा."

क्रेटांच्या शेवटच्या रांगेतून आवाज आला. अकोटकडच्या टोळीबरोबर आठ दिवसांपूर्वी निवडायला आलेली बाई. तिचे हात थांबले होते. बोलताना वरच्या ओळीत तीन दातांची खिडकी दिसत होती.

"तिच्या पाठीवर कोनी नोतं. प्रणाली मीच हाव. माहा एक पाय पायरीवर होता, एक खाली. कुलदीपनं मांगून येनी धरली माही. वर्षालीनं हात धरला होता, मंग सोडला. सोडला नसता तं दोघीबी खाली आल्या असत्या, मी तिच्या जागी असती तं मीबी सोडला असता. गाडी गेली. तिथंच रस्त्यावर हानलं मले त्या कट्यारीच्या मुठीनं, माह्या सख्ख्या भावानं, अन् बाप म्हने, तोंडावर नको मारू, अजून द्याची हाय. सप्तपदी झाली नोती, म्हून मी कोरी, असं ठरलं. इसाव्या दिशी मले दुसऱ्या घरी देल्लं, अन् त्या घरची पोरगी कुलदीपले आनली. दीपमाला नाव तिचं. अठरा पुरे झाले नोते. आजबी थे तिथंच हाय, त्याच घरात, त्याच एका कानाच्या मानसाजवळ. तिले कोन्या गाडीत बसवता, थे सांगा आता."